सुकाणूशी खेळणारे

आम्ही बुलढाण्याची माणसे. समुद्र पाहायचा म्हणजे मलकापूरला रात्रीची गाडी धरायची. खारे पाणी म्हणाल तर घरचे आहे, लोणारचे. पण त्यात गलबते चालत नाहीत. त्यामुळे 'सर, स्पेनकडचे देवमासे माणसांवर सूड घेतात म्हणे, खरे का?' असे एका विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा मराठीच्या या मास्तराला आठवडाभर शोधाशोध करावी लागली.

हकीकत अशी. २०२० च्या उन्हाळ्यापासून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत आणि स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्याला ऑर्का शिडाच्या होड्या गाठू लागले. मागून यायचे, सुकाणूला धडका द्यायच्या आणि ते मोडले की बहुधा निघून जायचे! शेकडो होड्यांना हा प्रसाद मिळाला, काही बुडाल्या. मे २०२४ मध्ये पंधरा मीटरांची एक होडी बुडाली. तिच्यावरच्या दोघांना तेलवाहू जहाजाने उचलून घेतले.

वर्तमानपत्रांनी सूडकथा रंगवली. होडीने जखमी झालेली एक मादी, तिने चिथावलेला कळप! महाभारत शिकवणाऱ्याला अशी गोष्ट आवडणारच, मलाही आवडली. पण २०२४ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून विचार केला, तो वेगळा निघाला. यात पुढाकार पोरासोरांचा, आणि हा बहुतेक खेळ. १९८७ मध्ये अमेरिकेच्या प्युजेट साउंडमध्ये एका ऑर्काने मेलेला सामन मासा डोक्यावर घेऊन मिरवला. मग इतरांनीही मिरवला, आणि काही आठवड्यांत ते खूळ ओसरले. आमच्या कॉलेजातल्या केशभूषा यापेक्षा फारशा टिकत नाहीत.

मात्र 'सूड' हा शब्द साधा नव्हे. स्पेनकडचे हे ऑर्का अवघे चाळीसच्या आसपास उरले आहेत. शत्रू ठरले, तर संतापलेल्या खलाशांपुढे त्यांचा निभाव किती लागणार?

ऑर्का म्हणजे डॉल्फिनांच्या कुळातला सर्वांत थोरला. त्याचे धाकटे भाऊबंद आपल्या सिंधुदुर्गातही आहेत. मच्छीमार त्यांना 'गादा' म्हणतात. ते जाळ्यातली मासळी ओढतात, जाळे फाडतात, आणि हे नुकसान काही खेळ नव्हे. अडकलेला संरक्षित प्राणी सोडवायला जाळे कापले, तर महाराष्ट्र सरकारने २०१८ पासून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई ठेवली, हे चांगलेच झाले.

मालवणच्या किनाऱ्यावर जाळे सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारले होते, "गाद्याचा राग नाही येत?"

"येता तर, मास्तरानू. पण तेका बाजारात मासो इकत गावता काय?" असे म्हणून त्याने जाळ्याचे टोक पायाच्या अंगठ्यात अडकवले आणि पुन्हा कामाला लागला.