गढूळ नदींतील माशांची मोजदाद

उभ्या पिकाची आणेवारी करणें किती अवघड, हें आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. पीक तर एके जागीं डोळ्यांसमोर उभें असतें. परंतु जें पीक गढूळ पाण्याखालून रात्रंदिवस पुढें सरकत असतें, त्याची आणेवारी कशी करावी? अलास्कांतील नद्यांवर हें काम कसें चालतें, त्याची माहिती आम्ही येथें देत आहों.

सामन हा मासा नदींत जन्मतो, समुद्रांत वाढतो आणि कांहीं वर्षांनीं प्रजोत्पादनासाठीं जन्मस्थानीं परत येतो. मृगाच्या पहिल्या पावसांत ओढ्यांतून शेतांत येणारे चढणीचे मासे कोंकणांत सर्वांस ठाऊक आहेत; परंतु त्यांची चढण ती केवढी! युकॉन नदींतील चिनूक जातीचा सामन बेरिंग समुद्रांतून निघून कॅनडाच्या सरहद्दीपर्यंतच १,९०० किलोमीटरांहून अधिक चढतो. गोड्या पाण्यांत शिरल्यावर तो कांहीं खात नाहीं. अंगच्या चरबीवर सारा प्रवास करतो आणि प्रजोत्पादनानंतर मरतो.

तेव्हां जो मासा वर पोहोंचतो, तो पुढील पिकाचें बियाणें होय. किती धरावयाचे व किती वर जाऊं द्यावयाचे, हें ठरविण्यास चढलेल्यांची संख्या हंगाम चालू असतांनाच कळली पाहिजे. आंकडा फुगला तर बियाणेंच खाल्लें जातें. खरा आंकडा कमी दाखविला गेला तर नदीकांठच्या कुटुंबांच्या तोंडचा घांस विनाकारण जातो.

निवळ पाण्यांत ही मोजणी सोपी आहे. ब्रिस्टल उपसागरास मिळणाऱ्या कित्येक नद्यांच्या कांठीं मनोरे उभारलेले असतात. त्यांवरून माणूस दर तासास दहा मिनिटें मासे मोजतो, व त्या संख्येस सहांनीं गुणितात. शेताच्या ठराविक तुकड्याची कापणी करून साऱ्या मंडळाचें उत्पन्न काढण्याचा जो पीक-कापणी प्रयोग आपल्याकडे होतो, त्याच जातीचा हा हिशेब. परंतु युकॉनसारख्या गढूळ नदीवर मनोऱ्याचा उपयोग नाहीं. तेथें सोनार लागतो. (नांव ऐकून वाचकांनीं सराफकट्ट्याकडे वळूं नये. ध्वनीच्या साह्यानें पाण्यांतील वस्तूचा ठावठिकाणा काढण्याच्या पद्धतीच्या लांबलचक इंग्रजी नांवांतील अक्षरें जुळवून हा शब्द बनला आहे.)

हें यंत्र कांठाजवळ पाण्यांत ठेवून प्रवाहाच्या आडवें रोखतात. त्यांतून मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारा ध्वनि निघतो व माशावर आपटून परत येतो. परतण्यास किती वेळ लागला यावरून माशाचें अंतर निघतें. १९६० च्या दशकांत अलास्कांत सुरू झालेलीं यंत्रें नुसते प्रतिध्वनि मोजीत. रेंगाळणारा मासा एकाहून अधिक वेळां मोजला जाण्याचा संभव असे, म्हणून माशांच्या वेगाप्रमाणें यंत्र वारंवार जुळवून घ्यावें लागे. पुढें वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनें अमेरिकन आरमारासाठीं डिडसन नांवाचें यंत्र बनविलें, आणि २००० नंतर तें नद्यांवर आलें. तें ९६ पर्यंत अरुंद ध्वनिशलाका सोडतें व त्यांच्या प्रतिध्वनींतून हलतें चित्र तयार करतें. दवाखान्यांतील सोनोग्राफींत गर्भ दिसावा, तसा मासा शेपूट हलवीत जातांना दिसतो. त्याची लांबी मापतां येते. वर गेलेल्यांतून खालीं उतरलेले वजा करतां येतात. जात मात्र खात्रीनें कळत नाहीं. म्हणून नदीच्या मुखापासून सुमारें दोनशें किलोमीटरांवरील पायलट स्टेशन येथें यंत्राच्या जोडीस जाळीं टाकून, सांपडलेल्या माशांवरून जातींचें प्रमाण ठरवितात.

खरा कंटाळवाणा भाग यापुढें आहे. हीं चित्रें पाहण्यास माणूस पडद्यासमोर बसतो व एकेक मासा टिपतो. ज्यानें आंकड्यांच्या वह्या तपासण्यांत आयुष्य घालविलें, त्यास सायंकाळच्या सुमारास डोळा कसा फसतो हें ठाऊक असतें. हें काम संगणकाकडे सोंपविण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०२२ मध्यें कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पंधराशेंहून अधिक सोनार-चित्रफिती प्रसिद्ध केल्या. त्यांत माशांभोंवतीं पांच लाखांहून अधिक चौकटी आंखलेल्या होत्या. संगणकास शिकविण्यासाठीं केनाई नदीच्या एका कांठच्या चित्रफिती घेतल्या. परीक्षेस तिचाच दुसरा कांठ, शिवाय नुशागाक व एल्व्हा या नद्या ठेविल्या. अनोळखी जागीं संगणक अधिक चुकतो असें दिसून आलें. तळ निराळा, दगड निराळे, पाण्याची खळबळ निराळी! बागायतींत मुरलेला पाहणीदार एकदम जिराईत गांवीं धाडावा, तसाच हा प्रकार. आमच्या मतें संगणकास कारकून खुशाल नेमावें, पण अव्वल कारकून माणूसच असावा. त्यानें रोज कांहीं तासांची मोजणी स्वतः पडताळून फरक नोंदवून ठेवावा.

कारण या आंकड्यांवर माणसांचें पोट आहे. सरहद्दीजवळील ईगल येथें २०२२ सालीं सुमारें १२ हजारच चिनूक मोजले गेले. त्या वेळीं कॅनडांत किमान ४२,५०० पोहोंचावे असें ठरलेलें होतें. एप्रिल २०२४ मध्यें अलास्का व कॅनडा यांनीं करार करून युकॉनवरील चिनूकची जवळजवळ सर्व मासेमारी सात वर्षें, म्हणजे त्या माशाची एक पूर्ण पिढी, बंद केली, आणि सरहद्दीपलीकडे ७१,००० मासे जावे असें उद्दिष्ट ठेविलें. नदीकांठचे मूळ रहिवासी धुरांत वाळविलेल्या सामनावर हिवाळा काढीत आले. त्यांचीं धूरघरें चिनूकवांचून पडलीं आहेत. मासेमारी पुन्हां केव्हां खुली होईल, हें ईगलच्या मोजणीवरूनच ठरावयाचें आहे.