म्हातारा सांबर आणि आपली बांधी

दिवाळी मागे पडली आणि धान कापणीला आले की गडचिरोली-चंद्रपूरकडच्या रानालगतच्या गावांत रात्रीची जागल सुरू होते. बांधीच्या धुऱ्यावर चार खांबांचा मांडव, खाली शेकोटी, हाताशी टिनाचा डबा आणि टॉर्च. घरचा कर्ता माणूस अंगावर घोंगडी घेऊन तिथेच पडतो. मध्यरात्री डोंगराकडून ‘ढाँक!’ असा एकच मोठा आवाज येतो. पाहुणा असला तर दचकून उठतो. जागल्या मात्र शेकोटीत लाकूड सारतो आणि म्हणतो, “सांबर बोलला जी. वाघाचा वास लागला असंन त्याले.”

अशाच एका मांडवात ऐंशी ओलांडलेल्या एका आजोबांची गाठ पडली. तरुणपणी ते शिकाऱ्यांच्या हाक्यात जात. रानात दहा-वीस माणसे ओळ धरून, डबे वाजवीत जनावर उठवीत आणि पुढे मचाणावर बंदूकवाला साहेब बसलेला असे. आजोबांनी स्वतः बंदूक कधी चालवली नाही, पण सांबराची जात त्यांच्याइतकी जाणणारा माणूस आज त्या गावात नाही. “बार एका पळात निघते,” ते म्हणाले, “पण मोठ्या नराची वाट पाहण्यात महिना जाते.”

त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट पटली. ज्या शिकारीचे दिवस गेले, तिची विद्या मात्र आज शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारी आहे. ती कशी, ते पाहू.

रान कोणाचे?

हा मुलूख एके काळी गोंड राजांचा. पुढे अहेरीसारख्या जमीनदाऱ्या आल्या आणि मोठमोठी राने जमीनदारांकडे राहिली. १९५१ साली जमीनदाऱ्या गेल्या आणि ती राने सरकारी झाली. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला.

इंग्रजांच्या काळापासून सरकारी जंगलात शिकारीसाठी गट पाडलेले असत. परवाना काढायचा, फी भरायची, ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या गटात जायचे आणि परवान्यावर लिहिली तेवढीच जनावरे मारायची, असा रिवाज होता. साहेब जंगलखात्याच्या विश्रामगृहात उतरे. गावकऱ्यांना हाक्याची मजुरी मिळे आणि मांसाचा वाटाही मिळे. त्या काळचे काही अधिकारी शिकारीइतकेच निरीक्षणातही मुरलेले होते. मध्य प्रांताच्या जंगलखात्यातील डनबार ब्रँडर यांनी इथल्या वन्य प्राण्यांवर लिहिलेले पुस्तक १९२३ साली निघाले.

माडिया-गोंडांची पारध याहून निराळी. ती परवान्याची नव्हती, पोटाची आणि सणाची होती. पेरणीआधी गाव मिळून धनुष्यबाण घेऊन निघे आणि मिळेल ते घराघरांत वाटले जाई.

जाणता नर कसा ओळखावा

सांबर हे आपल्याकडचे सर्वांत मोठे हरिण. भरलेला नर खांद्याला पाच फुटांच्या आसपास आणि वजनाने दोन-अडीच क्विंटल, क्वचित तीनपर्यंतही भरतो. चितळ कळपाने मोकळ्या गवतात दिसतात. सांबर मात्र डोंगराच्या उतारावर, बांबूच्या दाटीत आणि नाल्याच्या घळीत दिवस काढतो. अंधार पडला की खाली चरायला उतरतो आणि उजाडायच्या आत पुन्हा वर चढतो. मोठा नर बहुतेक एकटाच असतो.

लोकांचा समज असा की शिंगाला जितके फाटे तितकी वर्षे. आजोबा हसले. सांबराच्या बाबतीत हे खरे नाही. पहिल्या खेपेचे शिंग साध्या खुंटीसारखे असते, दुसऱ्या खेपेला बहुधा दोन टोके येतात आणि पुढे प्रत्येक शिंगाला तीन टोके होतात. त्यानंतर फाटे वाढत नाहीत. मग वय पाहायचे ते शिंगाच्या जाडीवर, बुडाच्या खडबडीत घेरावर आणि लांबीवर. चांगल्या नराचे शिंग तीन फुटांच्या वर जाते.

दुसरी खूण रंगाची. वय चढते तसा नर गडद होत जातो, पार काळपट दिसू लागतो. मानेवर राठ केसांची आयाळ येते. तिसरी खूण खुराची. मादीचा खूर निमुळता उमटतो, नराचा रुंद आणि पुढून बोथट. रोपट्यांच्या साली शिंगांनी घासून निघालेल्या असतात, चिखलात लोळण असते, आणि ती घासण किती उंच आहे त्यावरून नर केवढा, ते कळते.

याशिवाय ऋतूचे भान हवे. सांबराची शिंगे दरवर्षी गळतात. बहुतेक नरांची ती मार्च-एप्रिलमध्ये पडतात. पावसाळ्यात मखमली कातडीत गुंडाळलेली नवी वाढतात आणि दिवाळीच्या सुमारास ती कातडी सोलून निघते. मग नोव्हेंबर-डिसेंबरात नर माजावर येतात. आपली धानकापणी आणि सांबराचा माज, दोन्ही एकाच मोसमात येतात, हे ध्यानात ठेवावे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट वाऱ्याची. शिकारी चिमूटभर राख हवेत सोडून पाही. वारा पाठीमागून असला की त्या दिवशी चालणे फुकट. सांबराचे नाक आणि कान इतके तिखट असतात की माणूस दिसण्याआधी त्याला कळलेला असतो. तो पाय आपटतो, एकदा ओरडतो आणि बांबूत नाहीसा होतो. म्हणून जाणता शिकारी उजाडण्यापूर्वीच त्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसे आणि खालून चरून परतणाऱ्या नराची वाट पाही. मादी, पाडस, कोवळ्या शिंगांचा नर समोरून गेला तरी बंदूक उचलत नसे. “नाही म्हणता आलं पायजे जी,” आजोबा म्हणाले, “तोच खरा शिकारी.”

रान का रिकामे झाले

असे नाही म्हणणारे थोडे निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या आल्या, झगझगीत दिवे आले. पिकाच्या राखणीसाठी बंदुकांचे परवाने मिळाले आणि त्यांतल्या कित्येक बंदुका पीक राखण्याऐवजी रानात फिरू लागल्या. दिव्याच्या झोतात थिजून उभे राहिलेले जनावर मारायला ना वारा पाहावा लागतो, ना डोंगर चढावा लागतो. नर की मादी हे बघायलाही कोणी थांबेना.

ताडोब्यात १९३५ सालीच शिकारबंदी झाली होती आणि १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७० साली देशभर वाघाची शिकार बंद झाली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही काही प्राण्यांसाठी परवान्याची वाट ठेवलेली होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. पुढे १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला.

कायद्याने बंदूक थांबते, मन मात्र निराळ्या रीतीने वळते. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे यांना वाटेत शिकार करून परतणारे माडिया भेटले. मेलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. आमट्यांनी त्या उपाशी माणसांना दोष दिला नाही. पिल्लू तेवढे मागून घेतले आणि पुढे रानातली पोरकी पिल्ले गावकरीच त्यांच्याकडे आणू लागले. पोटाला दुसरी सोय झाली, तशी पारधही कमी होत गेली.

मग अमेरिकेत कशी चालते?

आपली शिकलेली मुले विचारतात, अमेरिकेत सरकारी डोंगरात आजही हरणाची शिकार होते, मग इथे का नाही? प्रश्न रास्त आहे.

तिकडे पश्चिमेकडच्या डोंगरांत खेचरासारख्या लांब कानांचे एक हरिण आहे, त्याला म्यूल डिअर म्हणतात. ते लाखोंनी आहे. एकट्या भूव्यवस्थापन खात्याकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर सरकारी जमीन आहे. कोणत्या भागात किती नर मारायचे ते दरवर्षी मोजणी करून ठरते आणि पुष्कळ ठिकाणी परवान्यासाठी सोडत निघते. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या कायद्याप्रमाणे वन्य प्राण्यांच्या कामी लागतो. तिथलाही चांगला शिकारी आपल्या आजोबांसारखाच जाणत्या नराची वाट पाहतो आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने घरी येतो.

आपले गणित वेगळे आहे. आपल्या रानाला लागून दाट गावे आहेत, त्याच रानात बायाबापड्या मोहफुले आणि तेंदूपाने वेचतात, आणि त्याच रानात वाघ आहे. एका वाघाला वर्षाला सांबर-चितळाएवढी पन्नासेक जनावरे लागतात. मोठ्या सांबरावर त्याचे कित्येक दिवस निघतात. रानातले सांबर संपले की वाघ उपाशी राहत नाही, आपल्या गोठ्याकडे वळतो. म्हणजे डोंगरात ओरडणारा तो म्हातारा नर वाघ आणि आपली गाय यांच्यामध्ये उभा आहे. त्याला मारून कोणी मांसाचा वाटा घरी आणला, तर त्याची किंमत पुढे दुसऱ्याच कोणाच्या गोठ्यात वसूल होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला रानावर मोठे हक्क दिले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून बांबू स्वतः विकून दाखवला. मात्र त्याच कायद्याने शिकारीचा हक्क स्पष्टपणे बाहेर ठेवला आहे. रान गावाचे झाले, तरी त्यातले जनावर मारण्याची मुभा नाही. रानात गळून पडलेले शिंगसुद्धा सरकारी मालमत्ता आहे. औषधाला, भस्माला म्हणून कोणी विकत मागितले तर त्याच्या नादी लागू नये. दिसले तर वनरक्षकाला सांगावे.

बांधीचे काय?

इथे शेतकरी म्हणेल, हे सारे खरे, पण रात्रीत अर्धी बांधी तुडवली जाते, त्याचे काय? तक्रार खोटी नाही. वर्षाची कमाई डोळ्यांदेखत जाते, तेव्हा उपदेश गोड लागत नाही. म्हणून कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, चोर ओळखा. पुष्कळदा नासाडी रानडुकराची किंवा रोह्याची असते आणि नाव सांबराचे होते. सकाळी खूर पाहा. डुकराने जमीन उकरलेली असते, सांबराने शेंडे खुडलेले असतात. रानडुक्कर आणि रोही फारच उपद्रव देत असतील तर वनखात्याच्या लेखी परवानगीने त्यांचा बंदोबस्त करता येतो. सांबर-चितळाला ती वाट नाही.

दुसरी गोष्ट, नुकसान झाले की त्याच दिवशी वनखात्याला कळवा. वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांचा पंचनामा होईपर्यंत शेतातल्या खुणा मोडू नका. गुरे मारली गेली तर मेलेले जनावर हलवू नका. भरपाई हातात यायला वेळ लागतो, पण अर्जच नसेल तर काहीच मिळत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खांबावरून आकडा टाकून बांधीला विजेची तार लावू नका. या तारेला सांबर, वाघ आणि माणूस यांतला फरक कळत नाही. या दोन्ही जिल्ह्यांत अशा तारांनी वाघ मेले आहेत, तशीच पहाटे पाणी पाहायला गेलेली माणसेही मेली आहेत. शेजाऱ्याचा पोरगा गेल्यावर तुरुंगापेक्षाही मोठी शिक्षा जन्मभर भोगावी लागते. झटका मशीन किंवा सौर कुंपण वेगळे. त्यात बॅटरीवरून थांबून थांबून क्षणभराचा झटका बसतो, जनावर माघारी फिरते, मरत नाही. चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून कुंपण घातले तर खर्च वाटला जातो. जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते का, याची वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात चौकशी करावी.

आजोबांची विद्या

निघताना आजोबांनी एक गंमत सांगितली. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राणी मोजतात. एका वर्षी शहरातून आलेल्या पोरांबरोबर ते बसले होते. चांदण्यात पाण्यावर तीन सांबरे आली. शिंगे एकाच्याही डोक्यावर नव्हती. पोरांनी वहीत लिहिले, ‘मादी तीन.’

आजोबांनी हात धरला. मधल्याची मान पाहा म्हणाले, आयाळ पाहा, अंग काळे आहे. आत्ताच शिंगे गळलीत त्याची. मादी दोन, नर एक, आणि तोही जुना.

पोरांनी आकडा खोडून नवा लिहिला. आजोबा पहाटेपर्यंत जागे राहिले. “पन्नास वर्षांआधी त्याच्याच मागं डबे वाजवत होतो जी,” ते म्हणाले, “त्या रात्री वहीत लिहून घेतला त्याले. तेवढंच बरं वाटलं.”

अशी जाणती माणसे गावोगाव अजून आहेत, पण फार दिवस राहणार नाहीत. तुमच्या गावात कोणी असेल तर या हिवाळ्यात एक रात्र त्याच्या शेकोटीशी बसा. नातवालाही सोबत न्या. डोंगरातून सांबर बोलला, तर तो काय म्हणतो हे त्यालाच विचारा.