वाहत्या नदीसाठी होडी निवडताना

होडी वल्हवणारा माणूस कोणत्या दिशेला तोंड करून बसतो? तलावावर फिरायची होडी आठवा. वल्हवणाऱ्याची पाठ जाण्याच्या दिशेकडे असते. वल्ही छातीकडे ओढताना पाय, पाठ आणि दंड या सगळ्यांचा जोर लागतो, म्हणून ही बैठक सोयीची. पुढे काय आहे ते अधूनमधून मान वळवून पाहिले की भागते. तलावात ते चालते, कारण तलावातला खडक आपल्याकडे धावून येत नाही.

नदीत मात्र तो येतो. निदान होडीत बसलेल्याला तसे वाटते. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातल्या मॅकेंझी नदीवर मासेमारीसाठी जी होडी घडत गेली, तिच्यात वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेला, म्हणजे जिकडे होडी वाहत चालली आहे तिकडे तोंड करून बसतो आणि वल्ही मात्र तशीच छातीकडे ओढतो. म्हणजे तो होडी उलट, प्रवाहाविरुद्ध खेचत असतो! होडी तरीही खालच्या अंगालाच जाते, फक्त सावकाश. या होडीला तिकडे 'ड्रिफ्ट बोट', म्हणजे वाहत जाणारी होडी म्हणतात. ती विकत घेणाऱ्याला जे प्रश्न पडतात, ते आपल्या आठवी-नववीच्या पुस्तकातल्या पदार्थविज्ञानाचेच प्रश्न आहेत.

उलटे वल्हवून काय साधते?

समजा, नदीचा वेग सेकंदाला 1.5 मीटर आहे आणि वल्हवून आपण होडीला पाण्याच्या तुलनेत सेकंदाला 1 मीटर वेग देऊ शकतो. समोर 30 मीटरवर खडक आहे. नुसते वाहत गेलो तर 20 सेकंदांत खडक गाठू. पुढच्या दिशेला वल्हवले तर दोन्ही वेगांची बेरीज होऊन 12 सेकंदांत. मागे खेचत राहिलो तर वेग उरतो फक्त 0.5 मीटर, आणि विचार करायला मिळतो पुरा एक मिनिट.

पण नुसता वेळ मिळून उपयोग नाही, बाजूला सरकायला हवे. त्यासाठी होडी प्रवाहाशी तिरकी, साधारण 45 अंशांत धरून मागे खेचतात. आता 1 मीटर वेगाचे दोन घटक होतात : 0.7 मीटर आडवा आणि 0.7 मीटर प्रवाहाविरुद्ध. खडकाकडे जाण्याचा वेग 0.8 उरतो. तिथवर पोचायला सुमारे 37 सेकंद लागतात आणि तेवढ्यात होडी 26 मीटर बाजूला गेलेली असते. तेवढाच जोर लावून पुढच्या दिशेला तिरके वल्हवले असते तर खडकाकडचा वेग 2.2 मीटर होऊन जेमतेम 14 सेकंद मिळाले असते आणि होडी साडेनऊ मीटरच सरकली असती. श्रम तेवढेच, फळ जवळजवळ तिप्पट.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॅथॅनिएल गॅलोवे या फासेपारध्याने ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांवर ही पद्धत रुळवली. माशांच्या दृष्टीनेही ती सोयीची आहे. ट्राउट आणि स्टीलहेड हे मासे खडकाआडच्या संथ पाण्यात थांबतात. तिथे गळ टाकायला होडी प्रवाहापेक्षा हळू चालली पाहिजे.

आकार कशासाठी?

मॅकेंझीवरच्या सुरुवातीच्या होड्या जड होत्या. मग हलक्या फळ्यांच्या होड्या आल्या, आणि 1930 च्या दशकात पाण्याने न सुटणाऱ्या सरसाचे प्लायवूड मिळू लागल्यावर होडी बांधणे सोपे झाले. 1940 च्या दशकात वुडी हिंडमन या कारागिराने दोन्ही टोके उचललेल्या होड्या बांधल्या. पुढे 1960 च्या दशकात मार्टिन लिटन यांनी याच घराण्यातल्या होड्या ग्रँड कॅन्यनच्या रौद्र पाण्यात नेल्या. या आकारात तीन गोष्टी लक्षात घ्यायच्या.

पहिली, सपाट तळ. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे होडी आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. होडी 150 किलो, तीन माणसे 240 किलो आणि सामान 30 किलो धरले तर एकूण 420 किलो. म्हणजे 420 लिटर किंवा 0.42 घनमीटर पाणी सारावे लागेल. पाण्याला टेकलेला तळ 3.5 चौरस मीटर असेल तर होडी सरासरी 0.12 मीटर, म्हणजे 12 सेंटिमीटर बुडेल. जेमतेम वीतभर पाण्यातूनही ती निघते! आणखी 70 किलोचा माणूस बसला तर 2 सेंटिमीटरची भर पडेल. हेच वजन निमुळत्या तळाच्या होडीत घातले तर ती पुष्कळ खोल बसेल आणि गोट्यांवर घासेल.

दुसरी, तळाचा बाक. बाजूने पाहिले तर हा तळ डोलखुर्चीच्या पट्ट्यांसारखा वाकलेला दिसतो. मधला भाग पाण्यात, दोन्ही टोके पाण्याबाहेर. त्यामुळे टोकांना प्रवाहाची पकड मिळत नाही आणि वल्ह्याच्या एका ओढीत होडी जागच्या जागी फिरते. मागे खेचतानाही पाणी उचललेल्या टोकावर आदळत नाही, खालून सरकून जाते. पण याची किंमत मोजावी लागते. बाक जास्त तर पाण्याला टेकणारा तळ कमी, म्हणून होडी मधोमध थोडी जास्त बुडते. आणि जी चटकन फिरते ती सरळही चटकन राहत नाही.

तिसरी, बाहेर कललेल्या बाजू. घमेल्याच्या कडा आठवा. होडी जितकी खाली दबते तितका तिचा पाण्यातला घेर वाढतो आणि उचलही वाढते. लाटेत टोक शिरले तरी ते लगेच वर येते ते यामुळेच.

रुंदीचा घन

घेणारा दुकानात सर्वांत आधी तळाची रुंदी विचारतो. ती सहसा 1.2 ते 1.4 मीटरच्या दरम्यान असते. गळकरी पुढच्या टोकाशी उभा राहून दोरी फेकतो, त्यामुळे होडी डुलता कामा नये. 1.2 मीटरऐवजी 1.35 मीटर रुंदी घेतली तर काय फरक पडेल?

होडी कलली की एक बाजू खाली दबते आणि तिकडची वाढलेली उचल तिला परत सावरते. रुंदी वाढली की तीन गोष्टी होतात. दबणारा पृष्ठभाग वाढतो. तेवढ्याच कोनात कड अधिक खोल दबते. आणि उचलीचे मध्यरेषेपासूनचे अंतर, म्हणजे तरफेची भुजाही वाढते. तिन्ही गोष्टी रुंदीच्या प्रमाणात वाढतात, म्हणून पाण्याकडून मिळणारा सावरण्याचा जोर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. येथे रुंदी 1.125 पट झाली. तिचा घन 1.42. म्हणजे 15 सेंटिमीटर रुंदीने सावरण्याचा जोर 42 टक्क्यांनी वाढला. बुडालेली खोलीही 12 वरून 10.7 सेंटिमीटरवर आली. मग सगळेच रुंद होडी का घेत नाहीत? कारण रुंद होडी जड असते, तिला खेचायला अधिक जोर लागतो आणि दोन खडकांमधल्या चिंचोळ्या वाटेत ती अडते. दिवसभर वल्हवणारा एकटाच असतो, हे विसरून चालत नाही.

कोणत्या नदीसाठी?

'सर्वांत चांगली होडी कोणती?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या नदीसाठी?' हे त्याला जोडावे लागते. ऑरेगॉनच्या रोग नदीवर मोठमोठे खळाळ आहेत. तिथे भरपूर बाक आणि उंच बाजू हव्यात, नाहीतर लाट आत येते. मोंटाना राज्यातली बिगहॉर्न नदी धरणाखाली बरीच शांत वाहते, पण तिथे वारा सतावतो. उंच बाजू वाऱ्याला शिडासारख्या वाटतात! तिथे ठेंगण्या बाजूंची, कमी बाकाची होडी बरी. तिच्यात चढणे-उतरणेही सोपे.

सामग्रीचेही तसेच. प्लायवूडची होडी आवाज करत नाही आणि घरी बांधता येते, पण दरवर्षी तिची निगा राखावी लागते. फायबरग्लास खडकावरून घसरून जाते, मात्र जोरात आपटले तर तडकते. तडा बुजवता येतो. ॲल्युमिनियमला तडा जाण्याऐवजी पोचा पडतो. पण ते खडकाला धरून बसते, म्हणून तळाला गुळगुळीत लेप देतात. शिवाय त्यावर काही आपटले की आवाज पाण्यात पसरतो आणि मासे बिथरतात.

चूक महागात का पडते?

होडी आडवी होऊन खडकाला टेकली की हिशेब बदलतो. आता ती पाण्याबरोबर वाहत नाही. सगळा प्रवाह तिच्या बाजूवर आदळतो. पाण्यात बुडालेली बाजू 4 मीटर लांब आणि 12 सेंटिमीटर खोल, म्हणजे सुमारे अर्धा चौरस मीटर धरू. ढोबळ हिशेबाने सेकंदाला 1 मीटर वेगाच्या पाण्याचा जोर सुमारे 25 किलो वजनाइतका येतो. पण जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 2 मीटर झाला की 100 किलो, 3 मीटर झाला की 225 किलो! आणि वरच्या अंगाची कड दबून पाणी आत आले की आदळण्याचे क्षेत्रही वाढते. मग माणसांच्या ताकदीने होडी सुटत नाही.

अशा वेळी घाबरून सगळे खडकापासून दूर, वरच्या अंगाला सरकतात. तसे केले की नेमकी तीच कड पाण्याखाली जाते. सरकायचे ते खडकाच्या बाजूला. ही गोष्ट होडीत बसण्यापूर्वी सर्वांना सांगून ठेवावी लागते. तरंगणारे जाकीटही आधीच घालून बांधलेले हवे. त्याची उचल सात किलोच्या आसपास असते. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपासच असल्यामुळे डोके वर राहायला तेवढी पुरते.

आपल्या जवळची उदाहरणे

सपाट तळ आणि कमी खोली ही युक्ती आपल्याकडेही जुनी आहे. तुंगभद्रेवर हंपीजवळ बांबूची विणलेली गोल होडी चालते. तिला कन्नडमध्ये 'हरिगोलू' म्हणतात. कावेरीवर महसीर मासा पकडणारे गळकरी अशाच होडीतून जात असत. पश्चिम महाराष्ट्रात पूर आला की गुऱ्हाळाची काहील होडी म्हणून वापरल्याचे आपण ऐकतो. तळ रुंद, त्यामुळे काहील थोड्या पाण्यातही चालते. पण ती गोल, तिला पुढचे-मागचे टोक नाही, म्हणून गरगर फिरते. आणि कड बेताची असल्याने एखादा माणूस जास्त झाला की धोका.

वर्गात करून पाहा

1. आयताकृती प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाचे क्षेत्रफळ काढा. 10 सेंमी × 15 सेंमीचा डबा 150 ग्रॅम वाळूने 1 सेंटिमीटर जास्त बुडायला हवा. प्रत्यक्ष मोजा. कडेपर्यंत किती वाळू मावेल ते आधी गणिताने सांगायला लावा, मग भरून पाहा.

2. जुन्या रबरी चपलेच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. एकीची दोन्ही टोके दोऱ्याने ओढून बांधा म्हणजे तिला बाक येईल. बाकाची बाजू खाली ठेवून दोन्ही पट्ट्या पाण्यावर सोडा, मधोमध सारखे खडे ठेवा आणि टोकाला बोटाने हळूच आडवा धक्का द्या. कोणती सहज फिरते? कोणती सरळ जाते?

3. आलेख कागदावर नदीचा वेग आणि होडीचा वेग बाणांनी काढा. कोन 30, 45 आणि 60 अंश ठेवून खडकापर्यंत पोचेतो होडी किती बाजूला सरकते ते मुलांना काढू द्या. 'सर्वांत चांगला कोन कोणता?' असे कुणी विचारले तर उत्तर देण्याची घाई करू नये. नदीचा वेग किती धरायचा, हे आधी त्यांनाच ठरवू द्यावे.