नागपूरला पोहोचेपर्यंतचा श्वास

‘नागपूरला न्या.’ विदर्भातल्या तालुक्याच्या रुग्णालयात हे दोन शब्द ऐकले की नातेवाईक पैशांची आणि गाडीची जुळवाजुळव करू लागतात. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर, चंद्रपूरहून दीडशे. बालाघाट आणि छिंदवाड्याची माणसंही इकडेच येतात. मेडिकल आणि मेयो ही दोन जुनी सरकारी ठिकाणं, आणि आता मिहानमधलं एम्स. त्याचं लोकार्पण आणि समृद्धी महामार्गाच्या नागपूर-शिर्डी टप्प्याचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, ११ डिसेंबर २०२२ ला. रस्ते सुधारले, खाटा वाढल्या. पण ज्याला श्वासच पुरत नाही, त्याच्यासाठी शेवटच्या खाटेपेक्षा मधले तीन तास महत्त्वाचे असतात. त्या तासांत रुग्णाच्या तोंडावर काय लावलेलं आहे आणि ते कुणी लावलं आहे, यावर पुष्कळ काही ठरतं.

अनेकदा साधा ऑक्सिजन पुरत नाही. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचलं किंवा न्यूमोनिया झाला की त्यातले बरेच मिटतात. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या चिकटलेल्या कडा सोडवताना सगळा जोर पहिल्या फटीलाच लागतो, आणि मिटलेल्या वायुकोशांशी रुग्ण दर श्वासाला तेच करत असतो. घट्ट बसणाऱ्या मास्कमधून सतत थोडा दाब दिला, तर श्वास सोडल्यावरही ते पूर्ण मिटत नाहीत. हे सीपॅप. श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी, असा दोन पातळ्यांचा दाब देणारं यंत्र म्हणजे बायपॅप. सुरुवातीला वरचा दाब साधारण दहा आणि खालचा पाच सेंटिमीटर पाण्याइतका ठेवतात. एवढ्या दाबानेही थकलेल्या हृदयावरचा भार हलका होतो, छातीच्या स्नायूंना विसावा मिळतो आणि शरीरात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू लागतो.

ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या पूल्टन यांनी १९३६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हृदयविकाराने फुप्फुसांत पाणी झालेल्या रुग्णांसाठी दाबाच्या हवेचं यंत्र मांडलं, तेव्हा हवा ढकलायला व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा वापरला होता. पुढे १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सतत दाबाची हवा दिली. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी झोपेत श्वास अडणाऱ्यांसाठी ती वापरली. पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांचं मन वळवलं ते लॉरां ब्रोशार यांच्या १९९५ च्या अभ्यासाने. त्यात सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा जोर वाढलेले ८५ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांत ७४ टक्के रुग्णांना घशात नळी घालावी लागली. मास्कने दाब दिलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं, आणि मृत्यू २९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले.

हा अभ्यास विदर्भाने खास लक्षात ठेवावा. सीओपीडी म्हणजे बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा आजार, असा समज अजून पक्का आहे. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधलं, त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण होतं. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला थंडीत सर्दी-खोकला होतो, दम वाढतो, बोलताना वाक्य तुटू लागतं. मग घाबरून तिला ऑक्सिजन पूर्ण उघडून दिला जातो आणि ती गुंगीत जाते. अशा रुग्णाचं ऑक्सिजनचं प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांत राखायचं असतं. त्याहून जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी साचतो. तिला खरी गरज बायपॅपची असते, आणि तीही अंगात त्राण शिल्लक असताना.

इथे यंत्रापेक्षा माणूस मोठा ठरतो. गुदमरणाऱ्याच्या नाकातोंडावर कुणी घट्ट मास्क बांधला तर तो ओढून काढतो, यात नवल नाही. ‘हे काहाले लावलं माय, जीव चालला माया!’ हे ऐकून मास्क बाजूला ठेवला की उपचार संपला. जाणकार सिस्टर पट्टे लगेच बांधत नाही. मास्क हातात धरून चेहऱ्याला टेकवते, दाब कमी ठेवते, रुग्णाच्या श्वासाशी आपला आवाज जुळवते. दहा मिनिटांत तो हवेच्या लयीत येतो, मग पट्टे, मग वरचा दाब हळूहळू वाढवणं. तासा-दोन तासांनी रक्तातले वायू तपासायचे. सुधारणा नसेल तर हट्ट न करता पुढचा निर्णय घ्यायचा. या हातोटीचं शिक्षण कुठल्याही खरेदीच्या निविदेत नसतं, आणि मला हीच सर्वांत मोठी उणीव वाटते.

मास्कला मर्यादा आहेत. रुग्ण बेशुद्ध असेल, सतत उलट्या होत असतील, चेहरा अपघातात फुटला असेल किंवा छातीत हवा साठून फुप्फुस दबलं असेल, तर दाबाची हवा घात करू शकते. मण्यारचा दंश हे आपल्याकडचं वेगळं प्रकरण. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, वेदना जवळजवळ नसते आणि काही तासांत श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. तिथे श्वासाला आधार देऊन भागत नाही, श्वास पूर्णपणे दुसऱ्याने घ्यावा लागतो. साधन असतं अंबू बॅग. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छेद देऊन हाताने पिशवी दाबायची पद्धत आणली, आणि सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबल्या. १९५६ मध्ये आपोआप फुगणारी, सिलिंडरविनाही चालणारी पिशवी आली, तीच ही अंबू बॅग.

घशात नळी टाकणं सर्वोत्तम, असं आपण धरून चाललो होतो. पण नळी टाकायला सराव लागतो, आणि ती चुकून अन्ननलिकेत गेली तर काही मिनिटांत जीव जातो. म्हणून आर्ची ब्रेन यांनी १९८० च्या दशकात स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारा लॅरिंजियल मास्क घडवला. पुढे त्याच जातीचं आय-जेल आलं, जे हवा न भरता जागेवर बसतं. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ९,२९६ जणांवर इंग्लंडमध्ये झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅरामेडिकने आय-जेल वापरलं की नळी टाकली, याने चांगल्या अवस्थेत वाचण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. मग रस्त्यावरच्या गाडीत सोपं साधन आधी वापरायला संकोच कशाला?

नेमका हाच प्रश्न मेडिकलमध्ये शिकलेल्या दोन डॉक्टरांनी गडचिरोलीत फार आधी तपासला होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या, त्याच गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बाया. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला आधी दाया तोंडाने श्वास देत. १९९६ पासून आरोग्यदूतांनी नळी-मास्क वापरला, १९९९ पासून पिशवी-मास्क. १९९६ ते २००३ मध्ये घरी झालेल्या ५,०३३ बाळंतपणांपैकी ८४ टक्क्यांत आरोग्यदूत हजर होती. गंभीर गुदमरलेल्या बाळांतले मृत्यू ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. नळी-मास्कपेक्षा पिशवी-मास्क सरस दिसला, पण तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर पक्का ठरला नाही. वाचलेल्या प्रत्येक जिवामागे पिशवी-मास्कचा खर्च होता १३ डॉलर. झोपडीत, कंदिलाच्या उजेडात, आठवी-दहावी शिकलेली बाई दाबाने हवा देऊ शकते, हे विदर्भानेच जगाला दाखवलं. मग रुग्णवाहिकेत आणि ग्रामीण रुग्णालयात ते का होऊ नये, याचं उत्तर प्रशासनाने द्यायला हवं.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी व्हेंटिलेटरसह सर्व साधनं असलेल्या २३३ आणि प्राथमिक साधनांच्या ७०४. म्हणजे दम लागलेल्याच्या दारात चारपैकी तीन वेळा प्राथमिक गाडीच येणार. त्या गाडीतही साधा सीपॅप आणि आय-जेल असावं, आणि गाडीतल्या डॉक्टरला दोन्ही वापरायचा हात असावा, ही मागणी मला अजिबात अवाजवी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट साध्या हिशेबाची, पण तो हिशेब आपण कोविडच्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, फार महाग शिकलो. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून आलेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे तीन टँकर नागपुरात उतरले, तेव्हा शहर एकेका सिलिंडरसाठी धावत होतं. नाकातून जोराच्या प्रवाहाने देण्याचं यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन खातं. सात हजार लिटरचं जम्बो सिलिंडर त्यावर दोन तासही टिकत नाही, आणि दीड हजार लिटरचं छोटं पंचवीस मिनिटांत रिकामं होतं. मिनिटाला १५ लिटर धरले तरी छोटं सिलिंडर १०० मिनिटं पुरतं, आणि गडचिरोली ते मेडिकल हा रस्ता त्याहून कितीतरी लांब आहे. म्हणून रेफरच्या चिठ्ठीवर रोगाच्या नावाखाली आणखी चार ओळी असाव्यात: निघताना ऑक्सिजनचं प्रमाण किती, मिनिटाला किती लिटर चालू, सिलिंडरमध्ये किती शिल्लक, आणि नागपुरातल्या कुठल्या डॉक्टरशी फोनवर बोलणं झालं.