तिलतंडुल की नीरक्षीर? जॅझचं व्हायोलिन आणि पश्चिम आफ्रिकेचे ढोल

मागच्या रविवारी सांगलीला याच विषयावर बोललो होतो. शेवटी एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली, "सर, व्हायोलिन आणि आफ्रिकी ढोल एकत्र वाजवायचे म्हणजे भेळ नाही का?" वेळ संपली होती, उत्तर राहिलं. भेळेबद्दल आमचं मत वाईट नाही, पण प्रश्न खरा आहे, म्हणून आज साताऱ्यात तिथूनच सुरुवात करतो. आधीच सांगतो, आमचा विषय तत्त्वज्ञान. आम्ही गाणं ऐकणारे आहोत, वाजवणारे नाही. तेव्हा वादक मंडळींनी आमचं कुठं चुकलं तर हात वर करावा.

दोन गोष्टी एकत्र आल्या की त्यांचं नातं कसं असतं, याचा विचार आपल्या अलंकारशास्त्रानं फार पूर्वी केला आहे. एकाच श्लोकात दोन अलंकार आले तर काय म्हणायचं? शास्त्रकारांनी दोन प्रकार केले. पहिला तीळ आणि तांदूळ मिसळल्यासारखा. एकत्र आहेत, पण निवडायला बसलात तर वेगळे होतात. ही संसृष्टी. दुसरा दूध आणि पाण्यासारखा. मिसळले की निवडता येत नाहीत. हा संकर. तिलतंडुल आणि नीरक्षीर. संगीतातल्या मिश्रणांना हे दोन शब्द लावून बघू, आणि ते कुठं अपुरे पडतात तेही बघू.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. औंध संस्थानात अंतुबुवा जोशी हे गवई होते. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गायक म्हणून मोठे होतेच, पण हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिन रुजवणाऱ्या पहिल्या पिढीतलं त्यांचं नाव आहे. व्हायोलिन हे युरोपातून आलेलं वाद्य. तिकडे वादक उभा राहून किंवा खुर्चीत बसून ते हनुवटीखाली धरतो. इथं वादक मांडी घालून बसला, वाद्याचं एक टोक छातीशी आणि दुसरं पायाशी टेकवलं. तारा सा-पच्या हिशोबानं मिळवल्या. डावा हात मोकळा झाला तशी मींड लांब झाली. लाकूड तेच, गज तोच, पण बसणं, जुळवणी आणि बोटं बदलली. आज व्हायोलिनवर ख्यालाचं अंग ऐकताना परदेशी भाग कुठला आणि देशी कुठला हे कुणी निवडून दाखवावं. हे नीरक्षीर. मात्र यात एक गोष्ट लक्षात ठेवा. इथं बदललं ते व्हायोलिन. तबल्याला काही बदलावं लागलं नाही.

आता जॅझकडे वळू. जॅझ म्हटलं की लोकांना ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आठवतात. पण अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या हाती जॅझच्या कितीतरी आधी व्हायोलिन होतं. मळ्यांवरच्या नाचांना वाजवायला तेच असायचे. ते त्यांना इतकं पटकन का जमलं? एक कारण असं की गजानं वाजवायची वाद्यं पश्चिम आफ्रिकेत आधीपासून होती. हौसा लोकांचं गोजे, घानातल्या दागोंबा लोकांचं गोंजे. भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर सरड्याच्या जातीच्या प्राण्याचं नाहीतर सापाचं कातडं, त्यावर घोड्याच्या केसांची एकच तार. आपल्याकडच्या नाथजोग्यांची किंगरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे फार परकं वाटणार नाही. गोव्याचं घुमटही पूर्वी घोरपडीच्या कातड्यानं मढवत, आणि तिथं मांडो गाताना व्हायोलिन आणि घुमट शेजारी शेजारी बसतात. म्हणजे तार आणि कातडं यांची सोबत काही आजची नाही.

दुसरं कारण जास्त कडू आहे. १७३९ साली साउथ कॅरोलायनात गुलामांचा उठाव झाला, स्टोनोचा उठाव. उठाववाले ढोल वाजवत चालले होते. पुढच्याच वर्षी, १७४० साली, तिथं कायदा झाला आणि गुलामांना ढोल आणि शिंगं बाळगायला बंदी आली. मालकांना कळलं होतं की ढोल नुसता वाजत नाही, निरोप देतो. न्यू ऑर्लिन्ससारख्या एखाद्या ठिकाणी ढोल टिकले, पण बऱ्याच भागांत ते गेले. व्हायोलिन मात्र चालत होतं, कारण मालकालाही नाच हवा होता. मग ढोलाचं काम कुणी करायचं? टाळ्यांनी, पायांनी आणि गजानं. जॅझमधला गज सुराइतकाच ठेका धरतो, त्याची एक मुळी इथं आहे असं आम्हाला वाटतं.

पुढं जॅझ व्हायोलिनचे मोठे वादक झाले. जो व्हेनुटी, स्टफ स्मिथ, आणि फ्रान्समध्ये स्टेफान ग्रापेली. ग्रापेली आणि गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचा पॅरिसमधला १९३४ सालचा संच प्रसिद्धच आहे. तुम्ही ऐकलात तर एक गोष्ट ध्यानात येईल, त्यात ड्रम नाहीत. गिटारी आणि एक मोठा बास, बस्स. व्हायोलिनचा आवाज नाजूक, ढोलापुढं तो बुडतो. ही अडचण तात्त्विक नाही, साधी आवाजाची आहे. व्हायोलिनला वीज लागल्यावरच ती सुटली.

आता पश्चिम आफ्रिकेच्या लयीत थोडं थांबावं लागेल, कारण घोटाळा तिथंच होतो. घाना-टोगो भागातल्या एवे लोकांची एक लोखंडी घंटा असते, गांकोगुई. तिचा एक फेरा बारा मात्रांचा. बारा म्हटलं की तुमच्या मनात एकताल येणार, पण तो बाजूला ठेवा. या बारांत घंटेचे टोले सात:

ठण् – ठण् – ठण् ठण् – ठण् – ठण् – ठण्

मधली अंतरं मोजा. दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. पेटीवाल्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय! बरोबर, बिलावल थाटातल्या सा रे ग म प ध नी सा या सुरांमधली अंतरंही हीच. याचा अर्थ काय लावायचा ते आम्हाला माहीत नाही, पण आम्हाला गंमत वाटते.

आता नाचणाऱ्यांचे पाय बघा. ते पडतात पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मात्रेवर, म्हणजे तीन-तीनाच्या अंतरानं. घंटा आणि पाय कुठं भेटतात? फक्त पहिल्या आणि दहाव्या मात्रेवर. चौथ्या आणि सातव्या मात्रेला पाय पडतो, पण घंटा गप्प असते. आपल्याकडेही दीडपट, आडी लय असते, पण बहुतेक वेळा ती ताण म्हणून येते आणि समेवर येऊन सुटते. इथं काहीच सुटत नाही. दोन्ही हिशोब रात्रभर शेजारी शेजारी चालतात. म्हणून आमचे दोन्ही शब्द इथं अपुरे पडतात. घंटा निवडून वेगळी काढता येते, म्हणून हे दूध-पाणी नाही. पण वेगळी काढलेली घंटा ती घंटाच राहत नाही, पायांशिवाय तिचा अर्थ जातो. म्हणजे तीळ-तांदूळही नाही.

घानाचे संगीतशास्त्रज्ञ कोफी अगावू बजावतात की बाहेरच्यांनी 'आफ्रिकी लय' नावाचं एक गूढ उभं केलंय. तिथल्या लोकांना त्यात गोंधळ वाटत नाही. पाय कुठं पडतो ते बघा, म्हणजे कळेल. आमच्या मते हे सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला पटकन समजावं. धनगरांचं गजीनृत्य बघताना ढोलाकडे बघून काही कळत नाही, पायांकडे बघावं लागतं.

जॅझचं व्हायोलिन आणि हे ढोल आमनेसामने बसले, त्यातली एक ठळक ध्वनिमुद्रिका म्हणजे फ्रेंच व्हायोलिनवादक जाँ-लुक पाँटी यांची १९९१ सालची 'चोकोला'. सेनेगल, कॅमेरून या देशांतून येऊन पॅरिसमध्ये राहिलेल्या वादकांबरोबर त्यांनी ती केली. (कॅमेरूनला काही जण मध्य आफ्रिकेत मोजतात, तो वाद भूगोलवाल्यांवर सोडू.) आमच्या कानाला तिच्यात दोन्ही प्रकार ऐकू येतात. काही जागी व्हायोलिन आपली लांब तान घेत वरून जातं आणि ढोल खाली अंथरल्यासारखे होतात. हे तीळ-तांदूळ. पण काही जागी व्हायोलिन तान सोडतं, तुकड्यात बोलतं, ढोलांनी ठेवलेल्या फटीत शिरतं. तिथं ते स्वतः एक ढोल होतं. अमेरिकेच्या रेजिना कार्टर यांनी २०१० साली 'रिव्हर्स थ्रेड' केली, आफ्रिकेतल्या लोकधुना घेऊन, सोबत पश्चिम आफ्रिकेचा कोरा. तिथं व्हायोलिन पाहुण्यासारखं हळू आवाजात बोलतं. आम्हाला ती जास्त आवडते, पण तो आमच्या वयाचा परिणाम असेल.

तेव्हा चिठ्ठीतल्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. भेळ आहे की नाही हे वाद्यांची यादी बघून ठरत नाही. कोण बदललं ते बघा. व्हायोलिनवाल्यानं आपली सम सोडून घंटेवर भरवसा ठेवला का? की ढोलवाल्यांनाच त्याच्या चौकटीत बसवलं?

आता आमच्याबद्दल. पंचवीसेक वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही परीक्षक होतो. एक मुलगा व्हायोलिन घेऊन आला, बरोबर दुसरा हलगी घेऊन. मंचामागं कागद पेटवून हलगी शेकताना आम्ही त्याला पाहिलं होतं. (पश्चिम आफ्रिकेतही जेंबे असाच आगीजवळ धरून ताणतात, हे आम्हाला फार नंतर कळलं.) वाजवताना व्हायोलिनवाल्यानं ओळीच्या मध्येच थांबून हलगीला जागा दिली, आणि परत येताना भलत्याच ठिकाणी उचललं. आम्हाला वाटलं, चुकला. आम्ही शेऱ्यात लिहिलं, 'भेसळ', आणि गुण कापले. आज वाटतं, तो चुकला नव्हता. तो हलगीचं ऐकत होता.

हलगी ही आपल्याकडे नुसतं वाद्य कधीच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ती मातंग आणि महार समाजांच्या गळ्यात काम म्हणून अडकवली गेली. दवंडी, मिरवणूक, कुस्तीचं मैदान, सगळीकडे हलगी पाहिजे, वाजवणारा मात्र बाहेर उभा. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेकांनी हे वाजवणं ठरवून सोडलं, आणि ते रास्तच होतं. तेव्हा 'हलगीला मंचावर आणा' असं आम्ही सहज म्हणणं बरोबर नाही. आणायची की नाही, कशी आणायची, हे वाजवणाऱ्यानं ठरवायचं. पण तो मुलगा स्वतःहून आला होता.

निकालानंतर तो आमच्याकडे आला. गुणांबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "सर, यादीत माझं नाव नाही." आम्ही यादी बघितली. व्हायोलिनवाल्याचं पूर्ण नाव होतं, आणि खाली 'साथ: हलगी'. आम्ही म्हणालो, यादी आम्ही केलेली नाही. ते खरं होतं, आणि त्याचं नाव विचारायला तेव्हा आम्हाला काही लागलं नसतं. १९९१ सालीच 'प्लॅनेट ड्रम' नावाची ध्वनिमुद्रिका निघाली होती. तिच्यात आपले झाकिर हुसेन होते, नायजेरियाचे सिकिरू अडेपोजू बोलणारा ढोल वाजवत होते. 'साथ: ढोल' एवढ्यावर तिथं भागवलेलं नाही, वादकांची नावं आहेत. तरी आम्ही शिकलो नव्हतो. व्हायोलिनवाल्या मुलाचं नाव आम्हाला अजून आठवतं. हलगीवाल्याचं सांगता येत नाही.

आता प्रश्न घेऊ. त्याआधी पाच मिनिटं ती घंटा करून बघू. डावीकडच्या मंडळींनी टाळ्या वाजवायच्या, दोन-दोन-एक, दोन-दोन-दोन-एक. उजवीकडच्यांनी पाय, एक, चार, सात, दहा. घाई करू नका, आणि समोरच्यांचं ऐकत राहा. चुकलं तर थांबायचं नाही.