भाडेपट्ट्यावरची विजेची मोटार

मोटार मरते ती सामान्यतः वार्धक्याने. पत्रा गंजतो, एंजिन धूर ओकू लागते, सुटे भाग मिळेनासे होतात आणि अखेरीस ती भंगाराच्या बाजारात जाते. तथापि कोणत्याही नमुन्याच्या दहावीस गाड्या कोणा हौशी गृहस्थाच्या आश्रयाने शिल्लक राहतातच. बाजारात सपशेल पडलेला नमुनाही याला अपवाद नसतो. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९९६ ते १९९९ या काळात तयार केलेल्या ‘ईव्ही-१’ या विजेच्या मोटारीची हकीकत मात्र निराळी आहे. अशा १,११७ गाड्या निर्माण झाल्या. त्यांपैकी सुमारे चाळीस वस्तुसंग्रहालयांच्या आणि विद्यापीठांच्या वाट्याला आल्या; बाकीच्या जवळजवळ सर्व नष्ट करण्यात आल्या, आणि त्यांतील कित्येक तर उत्तम चालत असताना.

या गाडीचा पूर्वावतार १९९० च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या मोटार-प्रदर्शनात ‘इम्पॅक्ट’ या नावाने लोकांपुढे आला. मनुष्यबळावर उडणारे विमान १९७७ मध्ये यशस्वी करून दाखविणारे पॉल मॅक्रेडी यांच्या संस्थेचा तिच्या रचनेत मोठा हात होता. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या हवाशुद्धीचे काम पाहणाऱ्या मंडळाने असा नियम केला की, राज्यात सर्वांत अधिक मोटारी विकणाऱ्या कंपन्यांनी १९९८ पर्यंत शेकडा २ आणि २००३ पर्यंत शेकडा १० गाड्या अजिबात धूर न सोडणाऱ्या विकल्या पाहिजेत. प्रदर्शनातील कौतुकाची वस्तू अशा रीतीने कायद्याच्या तावडीत सापडली.

यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ईव्ही-१ ही काटकसरीची कमाल होती. तिच्या पहिल्या मालिकेत शिसे आणि आम्ल यांच्या नेहमीच्या जातीच्या बॅटऱ्या बसविलेल्या होत्या. त्यांचे वजन पाचशे किलोग्रॅमांहून अधिक. पण त्यांत साठणारी ऊर्जा सुमारे दोन लिटर पेट्रोलात असते तेवढीच. एवढ्याशा शिदोरीवर लांबचा पल्ला गाठावयाचा तर दुसरीकडे बचत करणे भागच होते. म्हणून सांगाडा ॲल्युमिनियमचा केला, आसने दोनच ठेवली आणि गाडीचा आकार पाण्याच्या थेंबासारखा मागे निमुळता केला. हवेच्या विरोधाचा तिचा गुणांक ०.१९ इतका कमी होता. त्या काळच्या सामान्य मोटारींचा तो याच्या दीडपटीहून अधिक असे. १९९९ च्या मालिकेत निकेलच्या नव्या बॅटऱ्या आल्या आणि एका भरणीत गाडी दोनशे किलोमीटरांच्या घरात जाऊ लागली.

बॅटरी भरण्याची तऱ्हाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. एरवी विजेची जोडणी धातूला धातू भिडवून होते. येथे प्लॅस्टिकने मढविलेली, वल्ह्याच्या पात्यासारखी एक चपटी वस्तू गाडीच्या नाकाडातील खाचेत सरकविली की काम होई. ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी एकमेकांपासून सोडवून एक पात्यात व दुसरे गाडीत बसवावे, अशी ही योजना होती. उघडी तार कोठेच नसल्यामुळे भर पावसात, ओल्या हातांनीही विजेचा धक्का बसण्याची भीती नव्हती.

परंतु या गाडीचे भवितव्य ठरले ते कागदामुळे. कंपनीने ती कोणालाही विकली नाही. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना येथील निवडक ग्राहकांना ती भाडेपट्ट्याने दिली, आणि मुदत संपल्यावर ती विकत घेण्याचा हक्क पट्ट्यात ठेवलाच नाही. बिऱ्हाडकरूने घर कितीही झाडून-पुसून ठेवले तरी मालकीच्या उताऱ्यावर त्याचे नाव चढत नाही, तसाच हा प्रकार. पुढे हवाशुद्धी मंडळाने १९९६ मध्ये मधल्या वर्षांची अट काढून टाकली; नंतर कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि २००३ मध्ये मूळ नियम पुष्कळच शिथिल झाला. त्याच सुमारास ईव्ही-१ परत मागविण्यास प्रारंभ झाला. सुटे भाग मिळेनासे झाले आहेत, म्हणून गाड्या सुरक्षित ठेवण्याची हमी देता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. त्यात तथ्य नव्हते असे नाही. बॅटरी भरण्याच्या यंत्रणेतील दोषाने आग लागण्याचा धोका दिसल्यामुळे पहिल्या मालिकेतील शेकडो गाड्या २००० मध्येच परत बोलवाव्या लागल्या होत्या.

भाडेकरूंना हे पटले नाही. लॉस एंजेलिसजवळील बरबँक येथे कंपनीच्या आवारात उभ्या असलेल्या ७८ गाड्यांवर २००५ च्या प्रारंभी त्यांनी जवळजवळ महिनाभर रात्रंदिवस पहारा ठेवला. सर्व गाड्या एकदम विकत घेण्यासाठी सुमारे १९ लक्ष डॉलर देऊ केले आणि दुरुस्तीची जबाबदारी कंपनीवर टाकणार नाही असेही सांगितले. कंपनीने ते मान्य केले नाही. मार्च महिन्यात गाड्या ट्रकांवर चढवून नेण्यात आल्या. या प्रकरणावर २००६ मध्ये एक अनुबोधपट निघाला आणि तेल कंपन्यांच्या कारस्थानाची चर्चा बरीच रंगली. पण गाड्यांचा नाश कसा शक्य झाला हे समजण्यास कारस्थानापर्यंत जाण्याचे कारण नाही. भाडेपट्टा वाचला म्हणजे पुरे. त्याच वर्षी कंपनीचे प्रमुख रिक वॅगनर यांनी ही योजना मोडणे हा आपला सर्वांत चुकीचा निर्णय होता, अशी कबुली दिली.

वस्तुसंग्रहालयांना गाड्या दिल्या त्याही चालविण्याची यंत्रणा निकामी करून आणि रस्त्यावर न आणण्याच्या अटीवर. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला २००५ मध्ये मिळालेली तेवढी सर्वांगपूर्ण मानली जाते. मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्ड यांच्या नावाच्या संग्रहालयातही एक ईव्ही-१ आहे. त्याच संग्रहालयात फोर्ड यांच्या पत्नी क्लारा यांची १९१४ ची ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विजेची गाडी आहे. डेट्रॉइटच्या कारखान्याने १९०७ पासून तशा हजारो गाड्या बांधल्या आणि सरळ विकल्या. त्यांतील पुष्कळ शंभर वर्षांनंतरही उरल्या, आणि काही तर चालतातही.

ज्यांना इतका जुना दाखला नको असेल त्यांच्यासाठी टोयोटा कंपनीच्या ‘रॅव्ह-४’ या गाडीचा विजेवरील नमुना आहे. १९९७ ते २००३ या काळातला, निकेलच्याच जातीच्या बॅटरीचा आणि त्याच कॅलिफोर्नियातला. येथेही बहुतेक गाड्या भाड्याच्या होत्या आणि त्यांतील काही चेपल्याही गेल्या. पण २००२ मध्ये कंपनीने तीनशेहून अधिक गाड्या सामान्य ग्राहकांना विकल्या होत्या. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वीज कंपनीकडील अशा गाड्या एकाच बॅटरीवर दीड लक्ष किलोमीटरांपलीकडे गेल्याचे चाचणीत आढळले, म्हणजे यंत्राचे आयुष्य संपले नव्हते. २००५ मध्ये लोकांच्या आग्रहामुळे उरलेल्या गाड्या चेपण्याचेही टोयोटाने थांबविले.

या गाड्यांपुढेही अडचण आली. २००१ मध्ये हवाशुद्धी मंडळाने धातूची जोडणी हीच प्रमाण ठरविली आणि पात्याची पद्धत मागे पडली. सार्वजनिक ठिकाणची जुनी यंत्रे हळूहळू निघून गेली. तेव्हा मालकांनी टाकून दिलेली यंत्रे मिळवून ती आपल्या घरी बसविली, एकमेकांना सुटे भाग पुरविले आणि नव्या जोडणीवर चालतील असे फेरफार स्वतः करून घेतले. गाडी त्यांची होती, म्हणून कोणाची परवानगी मागावी लागली नाही.