मायक्रोफायबर टॉवेलची धुलाई

मायक्रोफायबर टॉवेलची धुलाई म्हणजे मोटारीच्या डिटेलिंगसाठी, अर्थात तिच्या बारकाईने केलेल्या स्वच्छतेसाठी व रंगाच्या निगेसाठी वापरलेल्या सूक्ष्मतंतूंच्या कापडातील धूळ, मेण आणि तेलकट द्रव्ये काढून त्याची शोषणक्षमता पूर्ववत करण्याची प्रक्रिया होय. हे कापड सुती फडक्याप्रमाणे धुतल्यास लवकर निकामी होते. शिवाय त्यात अडकून राहिलेले कण पुढच्या वेळी मोटारीच्या रंगावर ओरखडे उमटवतात. त्यामुळे टॉवेल धुणे हा मोटारीच्या निगेचाच एक भाग मानला जातो.

तंतूची रचना

ज्या तंतूच्या ९,००० मीटर लांबीचे वजन १ ग्रॅमपेक्षा कमी भरते, म्हणजे ज्याची जाडी १ डेनिअरपेक्षा कमी असते, त्यास मायक्रोफायबर म्हणतात. जपानमधील टोरे या कंपनीतील संशोधक मियोशी ओकामोतो यांच्या संशोधनातून १९७० मध्ये अतिसूक्ष्म तंतूंचे अल्ट्रास्वेड हे कापड तयार झाले. पुसण्याचे टॉवेल बहुधा ८० टक्के पॉलिएस्टर व २० टक्के पॉलिअमाइड, किंवा ७० व ३० टक्के, अशा मिश्रणाचे असतात. ही दोन्ही द्रव्ये एकाच धाग्यात संत्र्याच्या फोडींसारखी रचलेली असतात. पुढील प्रक्रियेत या फोडी सुट्या होतात व धारदार कडांचे असंख्य तंतू तयार होतात. धूळ या कडांमध्ये अडकते, तर पाणी तंतूंमधील सूक्ष्म फटींत ओढले जाते. फटी मोकळ्या ठेवणे आणि कडा शाबूत राखणे, हीच धुलाईची दोन उद्दिष्टे होत.

धुलाईचे महत्त्व

मोटारीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही बहुधा कमी असते. रस्त्यावरील धुळीतील वाळूचे कण या थरापेक्षा कठीण असतात. टॉवेलमध्ये असा एखादा कण राहिला, तर पुसणाऱ्या हाताच्या दाबाने तो थरावर रेघ ओढतो. अशा बारीक रेघांचे जाळे उन्हात वर्तुळाकार दिसते. क्लिअर कोट पुन्हा वाढत नाही. रेघा घालवण्यासाठी पॉलिश करताना तो थोडा थोडा झिजतच जातो.

धुण्याची पद्धत

प्रथम टॉवेलांची वर्गवारी केली जाते. रंग पुसण्याचे, काचेचे, आतील भागाचे आणि चाकांचे टॉवेल वेगळे धुतात, कारण चाकांवरील ब्रेकच्या भुकटीत लोखंडाचे कण असतात. वर्गवारी सोपी जावी म्हणून प्रत्येक कामासाठी वेगळ्या रंगाचा टॉवेल ठेवण्याची प्रथा आहे. जमिनीवर पडलेला टॉवेल धुतल्याशिवाय मोटारीवर वापरत नाहीत.

टॉवेल झटकून कोमट पाण्यात भिजवले जातात. मेण किंवा पॉलिश वाळून घट्ट होण्यापूर्वी हे करणे हितावह असते. त्यानंतर ३० ते ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात, सुगंध व मुलायमकारक नसलेल्या द्रवरूप डिटर्जंटने ते धुतात. भुकटीचे न विरघळलेले कण तंतूंत राहू शकतात, म्हणून द्रवरूप डिटर्जंट सोयीचे ठरते. त्याचे प्रमाण कमी ठेवून टॉवेल दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळल्यास फेस उरत नाही.

विंधन विहिरीचे पाणी जड असेल, तर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार कापडात साचून ते राठ होते. अशा वेळी शेवटच्या पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालतात. व्हिनेगर व क्लोरीनयुक्त ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नयेत, कारण त्यांतून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.

धुलाई नीट झाली की नाही, हे पाण्याच्या काही थेंबांवरून कळते. थेंब लगेच शोषले गेले, तर फटी मोकळ्या आहेत. ते मण्यांसारखे वर थांबले, तर डिटर्जंट, मेण किंवा मुलायमकारकाचा लेप शिल्लक आहे.

वर्ज्य गोष्टी

• फॅब्रिक सॉफ्टनर: त्यातील द्रव्ये तंतूंवर मेणचट लेप चढवतात. कापड हाताला मऊ लागते, परंतु पाणी शोषत नाही आणि काचेवर डाग सोडते.
• ब्लीच: क्लोरीनयुक्त ब्लीचमुळे पॉलिअमाइड कमकुवत होते.
• धुण्याची वडी, ब्रश व धोपटणे: वडीतील भराव द्रव्ये कापडात राहतात, तर घासण्या-आपटण्याने पृष्ठभागावरील फासे तुटतात.
• उकळते पाणी व इस्त्री: उष्णतेने सूक्ष्म कडा मऊ पडून विरूपित होतात. ही हानी भरून निघत नाही.
• सुती कपड्यांसह धुणे: सुताचा गळलेला कापूस मायक्रोफायबरमध्ये घट्ट अडकतो.

भिवंडी व कापडाचा संदर्भ

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे मोठे केंद्र असून तेथे सुती व पॉलिएस्टर धाग्यांचे कोरे कापड विणले जाते. यंत्रमागावर उभे व आडवे धागे एकमेकांत गुंफले जातात. मायक्रोफायबर टॉवेल मात्र बहुधा विणकामाच्या सुयांप्रमाणे फासे घालणाऱ्या निटिंग यंत्रांवर तयार होतात. सोलापूरच्या प्रसिद्ध सुती टर्किश टॉवेलवरही फासे असतात, परंतु कापसाचा तंतू स्वतःच पाणी शोषून फुगतो. मायक्रोफायबरमध्ये पाणी मुख्यतः तंतूंच्या मधल्या जागेत साठते. म्हणूनच सुती टॉवेलला चालणारी खळ, उकळ व इस्त्री मायक्रोफायबरला चालत नाही.

यंत्रमागांच्या वस्तीत टॉवेल वाळवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. सुती कापड विणणाऱ्या मागांलगत हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगतात, तर मुंबई-नाशिक महामार्ग व गोदामांच्या परिसरात अवजड वाहनांमुळे धूळ उडते. उघड्यावर वाळत घातलेला ओला टॉवेल हे दोन्ही पकडतो. म्हणून तो घरात किंवा आडोशाला, सावलीत, वारा लागेल असा वाळवणे योग्य ठरते. पावसाळ्यात दमट हवेमुळे टॉवेल ओलसर राहून कुबट होतात. त्यामुळे पूर्ण वाळल्यावरच ते झाकणाच्या डब्यात ठेवतात.

पर्यावरणीय परिणाम

धुताना या कापडातून प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू सुटून सांडपाण्यात मिसळतात. मार्क ब्राऊन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कृत्रिम धाग्याच्या एका वस्त्रातून एका धुलाईत १,९०० हून अधिक तंतू सुटू शकतात, असे आढळले. फ्रान्सने २०२० च्या कायद्यान्वये नव्या धुलाईयंत्रांत असे तंतू अडवणारी गाळणी बसवण्याची तरतूद केली. भिवंडीजवळून कामवारी नदी वाहते व खाडीचे पाणीही जवळच आहे. अशा ठिकाणी प्रक्रियेविना सोडलेल्या सांडपाण्याबरोबर हे तंतू थेट जलस्रोतात जातात.

कमी तापमान, यंत्रात पुरेसे कपडे भरणे व सौम्य धुलाई यांमुळे तंतू कमी सुटतात आणि टॉवेलही अधिक टिकतो. रंगासाठी निरुपयोगी झालेला टॉवेल चाकांसाठी व शेवटी इंजिनाच्या सफाईसाठी वापरला जातो. त्यामुळे नव्या टॉवेलची गरज लांबणीवर पडते.